इंडिगो थांबली की अख्खा देश का अडकतो? आणि वाचकांचे बाकीचे प्रश्न

डिसेंबर 2025 मध्ये इंडिगोच्या फ्लाइट्स धडाधड कॅन्सल झाल्या आणि बाकीच्यांची तिकिटं एकदम आभाळाला भिडली. सरकारने भाडं कायमचंच बांधून का टाकू नये? - एक ताई, नागपूर

ताई, तुमचा राग अगदी बरोबर आहे, पण दुखणं भाड्यापेक्षा खोल आहे. झालं काय, तर पायलटच्या ड्युटीचे नवे नियम दोन टप्प्यांत आले, आठवड्याची सलग विश्रांती 36 तासांवरून 48 तास आणि रात्रीच्या ड्युटीत लँडिंग 6 वरून 2. दुसरा टप्पा 1 नोव्हेंबरला लागू झाला, तो येणार हे सगळ्यांना कधीचं माहीत होतं, तरी इंडिगोकडे तेवढे पायलट तयार नव्हते आणि 5 डिसेंबरला एका दिवसात हजाराहून जास्त फ्लाइट रद्द झाल्या. देशातल्या दहापैकी सहाहून जास्त प्रवासी एकाच कंपनीचे, मग तेवढी माणसं उचलायला दुसऱ्या कोणाकडे विमानं तरी कुठून असणार.

सरकारने 6 तारखेला कमाल भाडं ठरवलं, 500 किमीपर्यंत 7,500 रुपये, 500 ते 1,000 किमीला 12,000 (मुंबई-नागपूर यातच बसतं), 1,500 च्या पुढे 18,000. ते गरजेचंच होतं. पण त्याच वेळी त्या कंपनीला नव्या नियमांतून तात्पुरती सूटही द्यावी लागली, आणि मला खरी भीती वाटते ती याची. पायलटची झोप हा सगळ्यांच्या जिवाचा प्रश्न आहे, तो नियम मागे घ्यावा लागला कारण पर्यायच नव्हता!

कायमची मर्यादा मात्र मला पटत नाही. 1994 मध्ये विमानसेवा सरकारी कंपन्यांपुरती ठेवणारा एअर कॉर्पोरेशन्स कायदा रद्द झाला आणि खाजगी कंपन्यांना रस्ता मोकळा झाला, भाडं कंपन्याच ठरवतात ते तेव्हापासून. कोविडमध्ये मे 2020 ते ऑगस्ट 2022 सरकारने कमाल आणि किमान दोन्ही भाडी बांधली होती, म्हणजे कुणाला स्वस्तात विकायचं असलं तरी किमानच्या खाली जाता येत नव्हतं. संकटात मर्यादा ठीक आहे, रोजच्यासाठी रूटवर दुसरी-तिसरी कंपनी पाहिजे.

किंगफिशर, जेट, गो फर्स्ट सगळ्या बुडाल्या, मग इंडिगोच कशी टिकली? - एमबीएचा विद्यार्थी, कोल्हापूर

अरे, याच्यावर तर मी पानंच्या पानं लिहू शकतो. आधी नियमाची गोष्ट ऐक. आपल्याकडे 5/20 नावाचा नियम होता, परदेशात उडायचं तर कंपनीला 5 वर्षं झालेली पाहिजेत आणि 20 विमानं पाहिजेत. किंगफिशर सुरू झाली 2005 ला, तिला थांबायचं नव्हतं, म्हणून 2007 मध्ये तिने एअर डेक्कनमध्ये हिस्सा घेतला, डेक्कन 2003 ची असल्यामुळे तिची 5 वर्षं 2008 ला भरत होती. आणि खरंच सप्टेंबर 2008 ला बेंगळुरू-लंडन सुरू झालं! पण एकीकडे ऐषारामी सेवा, दुसरीकडे स्वस्त तिकिटाची डेक्कन, वर कर्ज आणि त्या वर्षी भडकलेलं तेल. ऑक्टोबर 2012 मध्ये सगळं बंद. त्याच 2007 ला जेटने 1,450 कोटींना सहारा घेतली, तोही बोजाच झाला, 17 एप्रिल 2019 ला जेटचं शेवटचं विमान उडालं. 5/20 मधली 5 वर्षांची अट निघाली 2016 ला, पण तोवर जे व्हायचं ते होऊन गेलं होतं.

इंडिगोने यातलं काहीच केलं नाही. ऑगस्ट 2006 ला पहिलं विमान उडायच्या आधीच, 2005 ला, 100 एअरबस ए320 ची ऑर्डर. एवढी मोठी ऑर्डर म्हणजे मोठी सवलत, मग विमान आलं की ते भाड्याने देणाऱ्या कंपनीला विकायचं आणि तिच्याकडूनच भाड्याने घ्यायचं, हातात रोख राहते आणि विमान जुनं व्हायच्या आत परत जातं. बरीच वर्षं एकाच जातीची विमानं, त्यामुळे पायलट, स्पेअर पार्ट, मेंटेनन्स सगळं एकसारखं.

गो फर्स्टकडेही ए320 च होती, पण प्रॅट अँड व्हिटनीच्या इंजिनांमुळे जवळपास निम्मी विमानं जमिनीवर बसली आणि 3 मे 2023 ला ती थांबली. तीच अडचण इंडिगोलाही आली, फक्त तिचा ताफा इतका मोठा की झेपलं. एक गोष्ट फारशी कुणी बोलत नाही, गो फर्स्ट दिवाळखोरीत गेल्यावर विमानांच्या मालकांना आपलीच विमानं महिनोन् महिने परत मिळेनात, शेवटी दिल्ली हायकोर्टाला एप्रिल 2024 मध्ये आदेश द्यावा लागला. अशा देशात नव्या छोट्या कंपनीला विमान स्वस्त भाड्याने कोण देईल? मालकांना विमानं परत मिळावीत यासाठी 2025 ला वेगळा कायदा झाला ते बरं झालं.

एवढी मक्तेदारी बेकायदा नाही का? - एक काका, ठाणे

नाही काका. 2002 च्या स्पर्धा कायद्यात मोठं असणं हा गुन्हा नाही, मोठेपणाचा गैरवापर हा गुन्हा आहे, आणि तो सिद्ध करणं फार किचकट. संगनमताचंही तसंच, कार्गोच्या म्हणजे मालवाहतुकीच्या इंधन अधिभारात संगनमत केल्यावरून जेट, इंडिगो आणि स्पाइसजेटला 2015 मध्ये मिळून 250 कोटींच्या वर दंड झाला होता, अपिलात तो रद्द झाला, 2018 ला पुन्हा लावला तेव्हा 54 कोटींच्या आसपास राहिला.

नवी मुंबई विमानतळ सुरू झालं, आता तिकिटं स्वस्त होतील का? - एक वाचक, पनवेल

लगेच नाही, पण मला आशा आहे. मुंबईच्या जुन्या विमानतळावर दोन रनवे एकमेकांना छेदतात, एका वेळी एकच वापरता येतो, तासाला साधारण 45 विमानांची ये-जा. स्लॉट, म्हणजे विमान उतरायची-उडायची ठरलेली वेळ, 80 टक्के वापरला की पुढच्या सीझनला तो त्याच कंपनीकडे राहतो, त्यामुळे नव्याला चांगली वेळ मिळतच नाही. 25 डिसेंबर 2025 पासून चालू झालेल्या नवी मुंबईत पहिल्या टप्प्यात वर्षाला 2 कोटी प्रवाशांची सोय आहे, म्हणजे पहिल्यांदाच इथे मोकळी जागा आली. त्यातले सकाळी 6 ते 9 चे स्लॉट कुणाला मिळतात ते बघत राहा, तेही इंडिगो आणि एअर इंडिया या दोन मोठ्यांनीच घेतले तर पनवेलकरांचा टॅक्सीचा खर्च तेवढा वाचेल, तिकिटाचा नाही.