चाक फेंडरच्या (चाकावरच्या पत्र्याच्या) बरोबरीत कसं आणायचं?

प्रश्न : माझ्या गाडीला कंपनीचे १५ इंची अलॉय आहेत, ६जे ईटी ४५, टायर १९५/६० आर१५. चाकं फारच आत गेल्यासारखी दिसतात. १६ इंची ७.५जे ईटी ३५ घ्यायचा विचार आहे. ईटी १० ने कमी म्हणजे चाक १० मिमी बाहेर येईल ना? मित्राच्या गाडीला हेच आहेत, एकदम भारी दिसतात.

उत्तर : नाही, १० नाही, चांगलं २९ मिमी बाहेर येईल! ही चूक जवळजवळ सगळेच करतात, ईटी बघतात आणि जे विसरतात.

आधी जे. त्याच्या आधीचा आकडा म्हणजे रिमची रुंदी, इंचात, पण टायरची कडा जिथे बसते तिथून तिथपर्यंत, म्हणून बाहेरच्या काठांवर टेप लावली की साधारण इंचभर जास्त भरते आणि लोक ६जे ला ७जे समजून बसतात. ईटी म्हणजे ऑफसेट (जर्मन ‘आइनप्रेसटीफ’ वरून आलंय), रिमच्या मधल्या रेषेपासून हबला टेकणाऱ्या भागापर्यंतचं अंतर मिमीमध्ये. हा आकडा जितका कमी तितकं चाक बाहेर.

आता तुमचं गणित. ६जे म्हणजे १५२ मिमी, अर्धे ७६, त्यातून ४५ गेले, राहिले ३१. नवीन ७.५जे चे अर्धे ९५, वजा ३५, म्हणजे ६०. फरक २९. आतल्या बाजूला वजाऐवजी बेरीज करायची, ७६ अधिक ४५ म्हणजे १२१ आणि ९५ अधिक ३५ म्हणजे १३०, म्हणजे रिम ९ मिमी आत पण सरकणार, स्ट्रटकडे (चाकाच्या आतल्या बाजूला असलेल्या शॉकअॅब्सॉर्बरच्या खांबाकडे).

मित्राचा सेटअप कॉपी करू नका. त्याची गाडी खाली केलेली असेल, कॅम्बर (चाकाचा उभा कल) वेगळा असेल, फेंडरची कडा आतून दुमडलेली असेल, काय माहीत. तुमच्याच गाडीला ओळंबा लावा, गवंडी लावतात तसाच, दोरीला नट बांधलं तरी चालतं. गाडी सपाट जागेवर, टायरमध्ये हवा बरोबर, स्टिअरिंग सरळ, आणि जॅकवरून नुकतीच उतरवली असेल तर आधी थोडी चालवून आणा नाहीतर सस्पेन्शन बसलेलं नसतं आणि माप खोटं येतं. फेंडरच्या कडेवरून ओळंबा सोडून एक माप रिमच्या काठापर्यंत आणि एक टायरच्या पोटापर्यंत घ्या. चारही चाकांचं घ्या, डावं-उजवं दोनचार मिमीने वेगळं निघू शकतं.

समजा रिमपर्यंत २२ मिमी आलं. मग तुमचा ७.५जे ७ मिमी बाहेर डोकावणार. त्यापेक्षा ७जे ईटी ३८ घ्या, २० बाहेर, ६ च्या आसपास आत. टायर २०५/५० आर१६ टाका, उंची आत्ताच्या ६१५ मिमीऐवजी ६११ होते, स्पीडोमीटरला फरक जाणवणारही नाही. मला विचाराल तर दोन मिमी आत राहिलेलं चाक दोन मिमी बाहेर आलेल्यापेक्षा कधीही बरं, लांबून कोणाला कळत नाही आणि खड्ड्यात कडा टायर कापत नाही.

पुढे स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून लायनर (फेंडरच्या आतलं प्लास्टिकचं आवरण) आणि स्ट्रट बघा, ५ मिमी तरी मोकळं हवंच. मागे सीटवर तीन जण बसवून, डिकी भरून बघा. टॉर्शन बीम (मागची दोन्ही चाकं जोडणारा आडवा दांडा) असेल तर चाक वर जाताना आत झुकत नाही, सरळ कडेवर जातं, घासायचं ते तिथेच घासतं. पीसीडी, म्हणजे बोल्टची भोकं ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास, जुळलाच पाहिजे. सेंटर बोअर, म्हणजे रिमचं मधलं भोक, हबपेक्षा मोठं असेल तर फट भरायला रिंग मिळते, लहान असेल तर रिम बसणारच नाही.

प्रश्न : रिम न बदलता २० मिमीचे स्पेसर लावले तर?

उत्तर : स्पेसर म्हणजे हब आणि रिमच्या मध्ये घालायची चकती. दिसायला तेच, ईटी ४५ चा २५ होतो आणि आतली जागा उलट वाढते. पण २० मिमीचा साधा चकतीवाला स्पेसर कंपनीच्या स्टडवर (हबमधून बाहेर आलेले, चाकाचे नट बसतात ते बोल्ट) नको, आटे पुरत नाहीत. १२ बाय १.५ चा स्टड असेल तर नट निदान ८ फेरे फिरला पाहिजे, हाताने फिरवून मोजा. एवढ्या जाडीला स्वतःचे स्टड असलेला स्पेसरच लागतो, आणि त्यातही जुने स्टड त्याच्या बाहेर डोकावत असतील तर रिमच्या मागे तेवढे खड्डे आहेत का ते आधी बघून घ्या.