टपाचा प्लाय कुजलाय, नुसती इपॉक्सी सोडून भागेल का?

तुमच्या बोटीच्या फायबरच्या टपावर पाय ठेवला की एका बाजूला दबतं, लाइटच्या स्क्रूमधून चहाच्या रंगाचं पाणी ठिबकतं. भोकं पाडून आत इपॉक्सी (दोन भाग कालवले की घट्ट होणारं रेझिन) सोडली तर भागेल का, असं विचारलंय.

नाही भागणार. माझ्या पहिल्या बोटीला मी हाच उद्योग केला होता. सिरिंज घेऊन दोन रविवार टपावर बसलो. पुढच्या मे महिन्यात कापून पाहिलं, तर इपॉक्सीच्या काचेसारख्या गाठी आणि मध्ये ओल्या तंबाखूसारखा प्लाय. भिजलेलं लाकूड इपॉक्सी पीत नाही.

आधी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत फिरा. चांगल्या जागी टणटण, कुजक्या जागी भद्द. पेन्सिलने हद्द आखा आणि कडेला ३ मिमीची भोकं पाडा. भुसा कोरडा, फिकट आला तर ठीक. ड्रिलला काळपट लगदा चिकटला तर हद्द आणखी पुढे.

शक्य असेल तर टप उतरवून उलटा ठेवा आणि आतली कातडी, म्हणजे प्लायच्या आतल्या बाजूचा फायबरचा थर, कापा. वरचा जेलकोट (फायबरवरचा चकचकीत थर) शाबूत राहतो, डोक्यावर हात धरून काम करावं लागत नाही. पण खाली गोलाईच्या मापाचे टेकू हवेतच. प्लाय निघाला की टप पापडासारखा लवतो. त्याच अवस्थेत नवा गाभा (दोन कातड्यांमधला भराव) चिकटवला, तर टप परत खालच्या पाइपांवर बसणार नाही. ग्राइंडरची पाती फक्त कातडीपुरती; लाकडाचा भुसा दिसला की थांबायचं. मास्क, चष्मा, पूर्ण बाह्या.

कुजकं सगळं पटाशीने काढा, उरलेलं खडखडीत वाळू द्या. म्हणूनच हे काम पावसाळ्यात नको. नवा गाभा पीव्हीसी फोमचा घाला. थर्माकोल चुकूनही नको, पॉलिएस्टर रेझिनमधलं स्टायरीन हे द्रावक त्याला विरघळवतं. फोम सिलिकाची भुकटी घालून घट्ट केलेल्या इपॉक्सीत बसवून वर वाळूच्या पिशव्या ठेवा. कापलेली कातडी परत चिकटवून सांध्याच्या दोन्ही कडा कातडीच्या जाडीच्या बारापट रुंद उतरत्या घासा, मग त्यावर काचेच्या कापडाचे थर. इथे नेहमीची चॉप्ड मॅट (काचेच्या तुकडेधाग्यांची चादर) नको: तिचे धागे धरून ठेवणारा बाइंडर स्टायरीनमध्ये विरघळतो, इपॉक्सीत नाही. विणलेलं कापड घ्या. उन्हात इपॉक्सी डब्यातच तापून धुरावते, म्हणून थोडी थोडी कालवा, तीही सकाळी.

पुढेमागे पॉलिएस्टर वापरलंत तर एक लक्षात ठेवा: कोबाल्ट (रेझिन लवकर घट्ट व्हावं म्हणून घालतात ते द्रव्य) आणि हार्डनर कधीही थेट एकत्र करायचे नाहीत, भडका उडतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचा, हार्डनर मागाहून.

आता मूळ दुखणं, स्क्रूची भोकं. लाइट, अँटेना, रेलिंग, जिथे जिथे स्क्रू जाणार तिथे मोठं भोक पाडून फोम कोरून काढा, घट्ट इपॉक्सीने भरा आणि सुकल्यावर त्या ठोकळ्यात नेमकं भोक पाडा. वर सीलंट आहेच, पण ते फाटलं तरी पाणी गाभ्यापर्यंत जात नाही. माझ्या टपावर अशी चौदा भोकं निघाली. त्यातली पाच कशासाठी पाडली होती, ते अजून आठवत नाही.