ग्रंथालयशास्त्राच्या प्रकल्पासाठी पुरस्कारप्राप्त बालपुस्तकांचा अभ्यास कसा करावा?

तुम्ही ठाण्यात ग्रंथालयशास्त्र शिकताय, प्रकल्पाला पुरस्कारप्राप्त मराठी बालपुस्तकं घेतलीत आणि ‘नुसते सारांश नकोत’ असं मार्गदर्शकांनी बजावलंय. बरोबरच आहे. सारांश कुणीही लिहील. ते पुस्तक कपाटातून मुलाच्या हातात जातं का, हे ग्रंथपालाने बघायचं.

आधी पुरस्कार कशाला मिळालाय ते तपासा. साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार २०१० पासून आहे. तो कधी एका पुस्तकाला मिळतो, जसा २०२२ साली संगीता बर्वे यांच्या ‘पियूची वही’ला, कधी लेखकाच्या एकूण योगदानाला, जसा २०१४ साली माधुरी पुरंदरे यांना. योगदानाचा असेल तर त्यांचं हाताला लागेल ते पुस्तक ‘पुरस्कारप्राप्त’ म्हणून लिहू नका. अमेरिकेतली पदकं तुलनेला घेतलीत तर न्यूबेरी मजकुरासाठी आणि कॅल्डेकॉट चित्रांसाठी, एवढं वेगळं ठेवा.

दहा-बारा पुस्तकं पुष्कळ झाली. प्रत्येकातून सुरुवातीचे, मधले आणि शेवटचे शंभर-शंभर शब्द घेऊन जोडाक्षरं मोजा, म्हणजे मुलाला वाचायला पुस्तक किती अवघड आहे याचा अंदाज येतो. पहिलं पान बहुधा सोपं असतं, त्यावरून फसायला होतं. ‘म्हणाला’सारखी रोजची जोडाक्षरं वेगळी काढा, नाहीतर संवादाचं सोपं पानही अवघड ठरेल. मग तीच पानं मोठ्याने वाचा.

खरा ऐवज देवघेवीत, म्हणजे पुस्तकं कोण केव्हा घेऊन गेलं यात आहे. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं. तिथे किंवा तुमच्या जवळच्या वाचनालयात संस्थेचं पत्र घेऊन जा आणि देवघेवीच्या नोंदी बघायला मागा. पुस्तक किती वेळा गेलं याला प्रतींची संख्या आणि दाखल झाल्यापासूनची वर्षं, दोन्हींनी भागा. तसं न केल्यास कालच आलेलं पुस्तक नावडतं ठरतं. पुस्तकात चिकटवलेली देवघेवीच्या तारखांची चिठ्ठी भरली की नवी चिकटवतात आणि जुना हिशेब जातो, म्हणून दाखल नोंदवहीशी, म्हणजे पुस्तक ग्रंथालयात केव्हा आलं ते लिहिलेल्या वहीशी, ताडून पाहा. शिवाय मुलं पुष्कळदा आईबाबांच्या कार्डावर पुस्तकं नेतात. त्यामुळे वाचकाचं वय नोंदीवरून ठरवू नका.

शून्य देवघेव दिसली की लगेच पुस्तकाला दोष देऊ नका, कपाटापाशी जा. मधोमध टाचलेल्या पातळ पुस्तकाला कणाच नसतो, त्यामुळे उभं लावलं की ते दिसतच नाही. अशी पुस्तकं मुखपृष्ठ समोर ठेवून लावावी लागतात. खाडीकाठच्या दमट हवेत पिना गंजतात आणि मधली पानं सुटतात, तेही नोंदवा. पुस्तकांना विषयवार क्रमांक देणाऱ्या ड्युई दशांश वर्गीकरणाप्रमाणे मराठी कथा-कादंबरी ८९१.४६३ मध्ये जाते. वर ‘बा’ची (बालसाहित्याची) खूण नसेल तर बालकादंबरी मोठ्यांच्या कादंबऱ्यांत जाऊन बसते.

तालिकेत, म्हणजे ग्रंथालयाच्या पुस्तकसूचीत, चित्रकाराचं नाव आहे का, तेही पाहा. चित्रांचं पुस्तक असूनही नोंद फक्त लेखकाच्या नावाने केलेली असते. असं आढळलं तर दुरुस्त नोंद स्वतः तयार करून प्रकल्पाला जोडा.