पिशवीसोबत आणखी काय गेलं, ते आधी विचार

प्रिय पोरी,

परवा बाजारात तुझी आई भेटली. वांगी निवडता निवडता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, "सिस्टर, पिशवी काढल्यापासून पोरगी राती दोन वाजता अंगनात येऊन बसते. एवढ्या थंडीत. आंगावर शाल नाई. सासू म्हनते, बाहेरचं पाहून घ्या."

मला बाहेरचं काही दिसलं नाही. मला माझंच १९९९ सालचं अंगण दिसलं. डिसेंबर होता, घरातले सगळे दोन-दोन रजया घेऊन झोपलेले, आणि मी मोरीजवळ ओल्या दगडावर पाय टेकवून बसलेली. छातीतून एक वाफ निघायची, मानेवरून कानापर्यंत चढायची, ब्लाउज पाठीला चिकटायचा. दोन मिनिटांत तीच वाफ उतरली की दातावर दात आपटायचे. मी ३८ वर्षांची होते, पिशवी आणि ओव्हरी काढायचं ऑपरेशन झालेलं, उपकेंद्रात नर्स होते, गावातल्या निम्म्या बायकांची बाळंतपणं माझ्या हातची. आणि मला काय होतंय ते मलाच कळत नव्हतं. याची लाज मला पुष्कळ वर्षं वाटली, म्हणून कुणाला बोलले नाही. तू ३४ वर्षांची आहेस. तू बोल.

आपल्याकडे "पिशवी काढली" एवढ्या दोन शब्दांत सगळं उरकतात. पिशवी म्हणजे गर्भाशय. नुसतं तेच काढलं तर पाळी थांबते, पण बाजूच्या ओव्हरी, म्हणजे अंडाशय, आपलं काम करत राहतात, इस्ट्रोजेन नावाचं हार्मोन बनवत राहतात. पिशवीसोबत दोन्ही ओव्हरी काढल्या तर गोष्ट फार वेगळी. वय झाल्यावर पाळी जाते तेव्हा इस्ट्रोजेन काही वर्षांत हळूहळू आटतं, शरीराला सवय करून घ्यायला वेळ मिळतो. ऑपरेशनने जातं तेव्हा डीपीवरचा फ्यूज काढल्यासारखं एका दुपारी बंद. आठवड्याभरात वाफा, घाम, झोप नाही, सांधे धरलेले, काही कारण नसताना रडू. हाडांचं नुकसान तर दिसतही नाही.

म्हणून पहिलं काम, तुझं डिस्चार्ज कार्ड काढ. त्यावर "टीएएच" आणि पुढे "बीएसओ" असं असेल तर गर्भाशय, दोन्ही नळ्या आणि दोन्ही ओव्हरी गेल्या. नुसतं "बीएस" असेल तर फक्त नळ्या. "आरएसओ" किंवा "एलएसओ" म्हणजे एका बाजूची ओव्हरी गेली, दुसरी आहे. एक जरी शिल्लक असेल तर ती काम करते की नाही हे बघायला एफएसएच नावाची रक्ततपासणी उपयोगी पडते. दोन्ही गेल्या असतील तर ती तपासणी करून पैसे घालवू नकोस, उत्तर कार्डावरच आहे. सोबत बायोप्सीचा रिपोर्टही हवा. तुझी आई "चॉकलेटची गाठ" म्हणाली. तो शब्द एंडोमेट्रिओसिसमुळे ओव्हरीत होणाऱ्या गाठीसाठी वापरतात. एंडोमेट्रिओसिस म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर गर्भाशयाबाहेर वाढणं, आणि त्याने औषधाच्या निवडीत फरक पडतो. खाली सांगते.

माझं कसं झालं ते ऐक, म्हणजे तुझी तेवढी वर्षं वाचतील. ऑपरेशननंतर मला कॅल्शियम मिळालं, "ताकदीच्या" गोळ्या मिळाल्या, पुढे झोपेची गोळी मिळाली. २००१ मध्ये एका डॉक्टरांनी हार्मोन सुरू केलं. पण त्यात इस्ट्रोजेनसोबत प्रोजेस्टेरॉनच्या जातीचंही औषध होतं. ते कशासाठी असतं? गर्भाशयाचं अस्तर जाड होऊ नये म्हणून. मला गर्भाशयच नव्हतं! पोट फुगायचं, अर्धं डोकं ठणकायचं, मन उदास. (ती इस्ट्रोजेनची गोळी गाभण घोडीच्या मुतापासून काढतात हे मी हौसेने घरी सांगितलं. सासूबाई दोन दिवस माझ्या हातचं पाणी प्यायल्या नाहीत.)

मग बातमी आली की हार्मोनने कॅन्सर होतो. मी गोळ्यांची पाकिटं चुलीत टाकली. ती बातमी खोटी नव्हती, अर्धी होती. अमेरिकेत वुमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह नावाचा मोठा अभ्यास चालू होता, त्याचा एक भाग जुलै २००२ मध्ये मधेच थांबवला. त्या भागातल्या बायका सरासरी ६३ वर्षांच्या, गर्भाशय असलेल्या, दोन्ही औषधं एकत्र घेणाऱ्या. गर्भाशय काढलेल्या, नुसतं इस्ट्रोजेन घेणाऱ्या बायकांचा गट २००४ पर्यंत चालला. त्यांच्यात पक्षाघाताचं प्रमाण थोडं वाढलेलं आढळलं म्हणून तोही थांबवला, पण स्तनाचा कॅन्सर वाढलेला नव्हता. आणि चाळिशीच्या आत ओव्हरी गेलेल्या बाईचा हिशोब या दोन्ही गटांवरून मांडताच येत नाही. साठीतली बाई वरून जास्तीचं हार्मोन घेते. तू घेणार ते तुझ्या वयाच्या प्रत्येक बाईच्या अंगात असतंच, तुझं तेवढं काढून घेतलंय.

हे मला तेव्हा कुणी सांगितलं नाही. २००६ मध्ये पोळ्याच्या दिवशी ओल्या फरशीवर पाय घसरला, हात टेकला आणि मनगट मोडलं. ४५ व्या वर्षी, एवढ्याशा पडण्याने. हाडांची डेक्सा तपासणी झाली, हाडं विरळ निघाली. नागपूरच्या एका डॉक्टरीणबाईंनी सगळे कागद पुढ्यात घेतले आणि विचारलं, "तुमची अर्धशिशी कधीपासून?" तोवर माझ्या डोकेदुखीचा आणि हार्मोनचा संबंध कुणी जोडलाच नव्हता. त्यांनी प्रोजेस्टेरॉन बंद ठेवलं, गोळीऐवजी कातडीवर लावायचं इस्ट्राडायॉलचं (हे इस्ट्रोजेनच) जेल दिलं, तीन महिन्यांनी बोलावलं, माप वाढवलं. पुढच्या खेपेला पुन्हा वाढवलं. त्या दिवाळीनंतर मी सलग सहा तास झोपले. उठल्यावर घड्याळ बंद पडलंय असं वाटलं.

आता तुझं. गोळी वाईट नाही. स्वस्त असते, तालुक्याला मिळते, इस्ट्राडायॉल व्हॅलरेट १ किंवा २ मिलिग्रॅमची. पण पोटातून घेतलेलं औषध आधी लिव्हरमधून जातं आणि रक्त गोठण्याची जोखीम थोडी वाढवतं. कातडीतून गेलेल्याने नेहमीच्या मापात ती वाढत नाही. म्हणून बीपी असेल, वजन जास्त असेल, अर्धशिशी असेल, घरात कुणाच्या पायात रक्ताची गाठ झाली असेल, तर जेलचं विचार. सिकलसेल आपल्या भागात किती आहे तुला ठाऊक आहे. त्या आजारात रक्त आधीच गोठायला टपलेलं असतं, तेव्हा तुझा आणि भावंडांचा सिकलसेलचा रिपोर्ट डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता त्यांना दाखव. स्तनाचा कॅन्सर होऊन गेलेला असेल, हार्ट अटॅक किंवा पक्षाघात झाला असेल, लिव्हरचा आजार चालू असेल, तर हार्मोनची वाट सहसा बंदच. तुला यातलं काही नाही असं आई म्हणाली, तरी तू स्वतःच्या तोंडाने सांग.

आणि ती चॉकलेटची गाठ. एंडोमेट्रिओसिस पसरलेलं असेल आणि थोडं आत राहिलं असेल, तर गर्भाशय नसूनही डॉक्टर काही काळ प्रोजेस्टेरॉन जोडून देऊ शकतात. तेव्हा माझ्यासारखं तडक नाही म्हणू नकोस, कशासाठी ते विचार.

जेलमधून रोज दीड मिलिग्रॅम इस्ट्राडायॉल हे मधलं माप धरतात. तुझ्या वयाला त्याहून जास्त लागू शकतं, कारण ३४ वर्षांच्या शरीराला जेवढ्याची सवय असते तेवढी ५२ च्या बाईला नसते. माप डॉक्टरच ठरवतील, पण तुझी रात्र कशी जाते हे तुझ्याशिवाय त्यांना कोण सांगणार? शंभर पानी वही घे. रोज चारच गोष्टी: वाफा किती, झोप किती तास, डोकं दुखलं का, मन कसं. तीन-चार आठवड्यांत फरक दिसू लागतो, खरा अंदाज तीन महिन्यांनी येतो. आठ दिवसांत "काही होत नाही" म्हणून सोडू नकोस.

लावायचं कसं, तेही सांगते, कारण दुकानात कुणी सांगत नाही. वेचणीहून आलीस की आंघोळ कर, अंग कोरडं पुसून दंडाच्या बाहेरच्या बाजूला किंवा मांडीवर पातळ पसरव. छातीवर कधीच नाही. चोळत बसायचं नाही, वाळू द्यायचं. त्यात अल्कोहोल असतं, म्हणून वाळेपर्यंत चुलीजवळ, गॅसजवळ जायचं नाही. भाकरी आधी टाकून घे. हात साबणाने धू. तासभर तिथे पाणी नको, आणि लेकरू त्या दंडावर डोकं ठेवून झोपणार असेल तर आधी बाहीचा ब्लाउज घाल, नाहीतर औषध त्याच्या अंगाला लागतं. मे महिन्यात नळी पत्र्याच्या घरात ठेवू नकोस. मी नवतपात ती माठाजवळ डब्यात ठेवायची. तालुक्याला जेल बहुतेक मागवावं लागतं, म्हणून एक नळी अर्धी झाली की दुसरी सांगून ठेव.

एक गोष्ट तू आईलाही सांगितली नसशील. खाली कोरडेपणा येतो, आग होते, लघवीला जळजळतं, नवरा जवळ आला की अंग चोरावंसं वाटतं. त्याला वाटतं हिचं मन उडालं. त्यासाठी आत लावायचं इस्ट्रिऑलचं मलम वेगळं मिळतं, माप अगदी थोडं. गोळी किंवा जेल चालू असूनही ते लागू शकतं. डॉक्टर पुरुष असले तरी सांग. शब्द सुचला नाही तर वहीत लिहून वही पुढे सरकव. मी तेच केलं होतं.

बायका तुला शतावरी सांगतील, सोयाबीन खा म्हणतील. वावरात सोयाबीन आहेच, खा खुशाल. पण त्यातलं इस्ट्रोजेनसारखं द्रव्य फार दुबळं, दोन ओव्हरींची जागा ते भरत नाही. तीळ खा, दूध-दही खा, चाल. हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घे, थकव्याचं कारण तिथेही सापडतं. आणि पाच वर्षं झाली, आता बंद करा असं कुणी म्हणालं तर तुझं वय सांग. अडचण नसेल तर निदान पन्नाशीपर्यंत, पाळी आपसूक गेली असती त्या वयापर्यंत घ्यायचं असतं. मी ५१ व्या वर्षी हळूहळू माप कमी करत सोडलं.

सोमवारी ये. राळेगावहून सकाळच्या एसटीने वर्ध्याला उतरू, तिथून सेवाग्रामला कस्तुरबा रुग्णालयात. रांग असते, डबा घेऊ. झेरॉक्स आणू नकोस, मूळ फाईल आण. आई म्हणत होती सासूने ती गव्हाच्या कोठीत तळाशी ठेवलीय. "बाहेरचं पाहायला चाललो" म्हणालीस तर त्या स्वतःच काढून देतील.

तुझी,
सिस्टरबाई