दालीच्या चित्रातल्या बाईच्या अंगात खण कशाला?

तुम्ही विचारलंय की स्पॅनिश चित्रकार साल्वादोर दालीच्या 'खणांचं शहर' या पेन्सिलीच्या चित्रात बाईच्या छातीपोटातून टेबलासारखे खण का बाहेर आलेत, आणि प्रत्येक खणाचा वेगळा अर्थ असतो का. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते: नाही. 'वरचा खण म्हणजे बालपण, खालचा म्हणजे वासना' असलं वाचायला मिळतं, पण ते स्वप्नात साप दिसला की धनलाभ, त्यातलीच गत.

चित्र १९३६ चं, शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये आहे. त्याच वर्षी दालीनं हाच विषय लाकडी फळीवर तैलरंगात केला. ते चित्र जर्मनीत ड्युसेलडॉर्फला. फळी जेमतेम २५ बाय ४४ सेंटिमीटरची. फोटोत पाहून भिंतभर असेल असं वाटतं, तसं काही नाही.

खण आले फ्रॉइडकडून, म्हणजे मनात दडलेलं उकलायची 'मनोविश्लेषण' ही पद्धत काढणाऱ्या व्हिएन्नाच्या डॉक्टरकडून. माद्रिदला कलाशाळेत शिकत असताना दालीनं त्याचं स्वप्नांवरचं पुस्तक वाचलं आणि तो झपाटला. पुढे दालीचं म्हणणं असं की ग्रीकांचा देह निव्वळ आदर्श, आतबाहेर एकच. आपल्या काळातला देह मात्र गुप्त खणांनी भरलेला, आणि ते उघडायची किल्ली फक्त मनोविश्लेषणाकडे. म्हणूनच त्यानं १९३६ मध्येच व्हीनस दी मिलो या हात तुटलेल्या प्रसिद्ध ग्रीक पुतळ्याच्या प्लास्टरच्या प्रतीला कपाळापासून गुडघ्यापर्यंत खण बसवले आणि खणांच्या मुठींना मिंक या प्राण्याच्या मऊ केसांचे गोंडे लावले. ग्रीक देवीलाच खण! आपल्याला हे जड जाऊ नये खरं तर. 'मनाच्या एका कप्प्यात', 'पोटात ठेव, ओठावर आणू नकोस' हे आपण रोज बोलतोच. दालीनं तेच शब्दशः सुतारकामाला लावलं.

फ्रॉइडच्या पुस्तकात पेट्या-कपाटं स्त्रीदेहाची, गर्भाशयाची खूण म्हणून येतात, हे दालीला ठाऊक होतं. इंग्रजीत खणांच्या कपाटाला 'चेस्ट ऑफ ड्रॉवर्स' म्हणतात आणि चेस्ट म्हणजे छातीही, त्या कोटीचाही संबंध बरेच जण लावतात. (मराठीत तर आणखी मजा. टेबलाचा तो खण आणि चोळीचा तोही खण. दालीला मराठी येत असती तर सोडलं नसतं त्यानं.)

पण माझ्या मते चित्राचा जीव खणांत नाहीच. तैलचित्र मोठं करून बघा. बाई जमिनीवर रेललीय, मान खाली, केस पुढे लोंबतायत, तोंड जवळजवळ स्वतःच्याच वरच्या खणात बुडालंय. ती आत बघत असावी असं आपण धरून चालतो. दालीनं मात्र वासाची गोष्ट काढलीय: आपल्या प्रत्येक खणातून येणारे आत्मप्रेमाचे असंख्य वास हुंगत बसायची जी एक सवय असते, तिचं हे रूपक. हे वाचलं आणि मला आईच्या कपाटाचा खालचा खण आठवला. ओढला की अडकतो, हिसका दिला की एकदम सुटतो आणि डांबरगोळ्या, जुन्या पावत्या, वाळकं अत्तर असा एकत्र भपका येतो. काय शोधायला आलो ते विसरून माणूस तिथेच फतकल मारतो. घाण म्हणावी तर नाक मागे घेववत नाही.

जुलै १९३८ मध्ये लंडनला दाली म्हाताऱ्या, आजारी फ्रॉइडला प्रत्यक्ष भेटला. गाठ घालून दिली लेखक श्टेफान त्स्वाइगनं. दुसऱ्या दिवशी फ्रॉइडनं त्स्वाइगला कळवलं की आजवर या अतिवास्तववाद्यांना (स्वप्नं नि नेणीव चित्रांत, लेखनात आणणारी दालीची मंडळी) मी ठार वेडे समजत होतो, या स्पॅनिश पोरानं मत बदलायला लावलं. दालीच्या सांगण्यानुसार फ्रॉइड असंही म्हणाला, की जुन्या उस्तादांच्या चित्रांत मी नेणीव (मनाचा आपल्यालाच न कळणारा भाग) शोधतो, तुमच्या चित्रांत जाणीव. मला हा टोमणा वाटतो. खण इतके उघड उघड मांडल्यावर त्यात गुप्त ते काय राहिलं?

म्हणून एक करून बघा. तैलचित्रातले खण तळहातानं झाका आणि फक्त तिचा लांब केलेला हात बघा. पंजा उभा, 'नको, तिथेच थांब' म्हणावं तसा. आणि लांबवर उजेडात रस्ता आहे, माणसं आहेत.