उत्तर: फुफ्फुसाच्या कॅन्सरचा संशय आहे, तपासण्या लवकर कशा उरकायच्या?

ताई, तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: वडील ६२ वर्षांचे, खोकल्यातून रक्त, एक्स-रेमध्ये उजवीकडे वर डाग. थुंकीत टीबीचे जंतू सापडले नाहीत, तरी एकेटी, म्हणजे टीबीच्या गोळ्यांचा कोर्स, सुरू झाली. दोन महिने झाले, डाग तसाच आहे आणि वजन घटतंय. आता सीटीत गाठ दिसली आहे. तुमचा प्रश्न असा की पेट स्कॅन (अंगात कुठे गाठ सक्रिय आहे ते चमकून दाखवणारा) आधी का बायोप्सी (गाठीचा तुकडा काढून तपासणं) आधी, सुईने कॅन्सर पसरतो का, आणि यात अजून किती दिवस जाणार.

मी डॉक्टर नाही. हिस्टोपॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ होतो, सगळी नोकरी असले बायोप्सीचे तुकडे कापण्यात गेली. त्यामुळे माझं बोलणं तुकड्याकडे जरा जास्त झुकेल. निर्णय तुमच्या छातीच्या डॉक्टरांचाच.

एकेटीचं आधी. वरच्या भागात डाग दिसला की आपल्याकडे टीबी आठवणारच, आणि पुष्कळदा तो टीबीच निघतो. घोळ होतो तो पुरावा नसताना कोर्स लावून 'सहा महिन्यांनी बघू' म्हटल्यावर. जंतू मिळाले नाहीत आणि काही आठवड्यांत फरक नाही, तर सीटी आणि तुकडा, यात थांबण्यासारखं काही नसतं. एक्स-रे साफ आला म्हणूनही निर्धास्त होऊ नये, कॅन्सर असलेल्या साधारण पाचातल्या एकाचा त्यात दिसत नाही. चालू गोळ्या मात्र मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारूनच.

पेट आधी झाला तर फायदा असा की तुकडा कुठून घ्यायचा ते कळतं. समजा मानेत हाताला लागणारी गाठ चमकली, तर फुफ्फुसात सुई घालायचीच गरज नाही. मानेतला तुकडा सोपा, आणि त्यातच निदानही झालं, स्टेजही कळली. पण पेटची तारीख लांबची मिळत असेल आणि सीटीवरून जागा स्पष्ट असेल, तर बायोप्सी अडवून ठेवण्यात अर्थ नाही, हे डॉक्टरांशी बोला. आणखी एक, टीबीच्या गाठीही पेटमध्ये चमकतात. 'पेटमध्ये आलं' म्हणजे कॅन्सर ठरला असं नाही.

गाठ बाहेरच्या कडेला असेल तर सीटी बघत बघत सुईने तुकडा घेतात. श्वासनलिकेजवळच्या ग्रंथी सुजल्या असतील तर ईबस, म्हणजे दुर्बिणीच्या टोकाला सोनोग्राफी. ब्रिटनमध्ये २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत सीटीनंतर थेट ईबस केलेल्यांचा उपचाराचा निर्णय १४ दिवसांत लागला, नेहमीच्या क्रमाने गेलेल्यांना २९ दिवस लागले (दोन्ही आकडे मध्यक). यंत्र काही जादूचं नव्हे, निदान आणि स्टेज एका खेपेत झाल्या एवढंच.

सुईने पसरण्याची भीती सोडा, फुफ्फुसात ते अगदी क्वचित होतं. खरा धोका फुफ्फुसाभोवती हवा साठण्याचा. म्हणून नंतर काही तास थांबवून एक्स-रे काढतात, कधी नळी टाकावी लागते.

आता तुकडा. सुईतून येतो तो शेवईच्या तुकड्याएवढा, सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर. त्यातूनच कॅन्सर आहे का, कुठल्या प्रकारचा आणि जनुकांत बदल कोणता, हे सगळं काढायचं असतं. तुकडा मेणात बसवून ब्लॉक करतात, तो कापायच्या यंत्रावर चढवला की पृष्ठभाग सपाट करताना दर वेळी थोडा माल वाया जातो. आज दोन स्लाइड, आठवड्याने आणखी चार, मग जीन टेस्टसाठी पुन्हा, असं केलं की शेवटी मेण उरतं आणि रिपोर्ट येतो 'नमुना अपुरा'. मग पुन्हा बायोप्सी, पुन्हा तारीख. म्हणून लॅबला आधीच सांगा की जीन टेस्ट करायची आहे, रंग न दिलेल्या स्लाइड एकाच बैठकीत कापून ठेवा. फॉर्मवर नुसतं 'लंग बायोप्सी' नको. एकेटी चालू आहे, गाठ कुठे, संशय कशाचा, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. संशय नेमका कळला तर पॅथॉलॉजिस्ट टीटीएफ-१ आणि पी४० अशा, कॅन्सरचा प्रकार ओळखणाऱ्या, मोजक्या रंगचाचण्यांत भागवतात, तुकडा वाचतो.

तुमच्या बाबतीत तर दोन बाटल्या हव्यातच. एक फॉर्मलिनची (तुकडा टिकवणारं रसायन), दुसरी साध्या सलाइनची, सीबीनॅट (टीबीच्या जंतूंची जनुकीय चाचणी) आणि टीबी कल्चरसाठी (जंतू वाढवून बघणं). सगळा माल फॉर्मलिनमध्ये गेला की जंतू मरतात आणि कल्चर कायमचं हातचं जातं. टेबलावर घेण्याआधी हे डॉक्टरांना आठवण करून द्यायला लाजू नका.

तुम्ही लिहिलंय की वडिलांना स्टेंट आहे. मग क्लोपिडोग्रेल, म्हणजे रक्त पातळ ठेवणारी गोळी, चालू असू शकते. तारीख घेतानाच सांगा, नाहीतर आदल्या दिवशी परत पाठवतात. किती दिवस आधी थांबवायची, थांबवायची का, हे हृदयाच्या डॉक्टरांकडून लेखी घ्या, स्वतः ठरवू नका.

फुफ्फुसाच्या कॅन्सरचे दोन मुख्य प्रकार, नॉन-स्मॉल सेल आणि स्मॉल सेल. नॉन-स्मॉल सेल निघाला आणि आजार पसरलेला असेल, तर ईजीएफआर, एएलके, आरओएस-१ ही जनुकं आणि पीडी-एल१ हे प्रथिन बघतात. विडी ओढली होती म्हणून ईजीएफआरमध्ये बदल नसणारच असं धरू नये. आपल्याकडे तो बऱ्याच जणांत सापडतो आणि त्यावर गोळ्या आहेत. सगळी जनुकं एकदम बघणाऱ्या टेस्टला दोन-तीन आठवडे लागू शकतात. तेवढा वेळ काढवत नसेल तर केमो आधी सुरू होऊ शकते, पण इम्युनोथेरपी (प्रतिकारशक्तीला कॅन्सरविरुद्ध कामाला लावणारं औषध) घाईने लावण्यापूर्वी ईजीएफआर, एएलकेचा निकाल आला का, हे विचारा. रक्तावरची लिक्विड बायोप्सी तुकडा कमी पडला तर उपयोगी. ती निगेटिव्ह आली तरी बदल नाहीच असं होत नाही. स्मॉल सेल निघाला तर मात्र जनुकांसाठी थांबत नाहीत, तो झपाट्याने वाढतो.

माझ्या अनुभवात जास्त दिवस जातात ते एका रिपोर्टपासून पुढच्या तारखेपर्यंत. बायोप्सीचा रिपोर्ट यायच्या आतच मेंदूच्या एमआरआयची तारीख, श्वासाची चाचणी आणि ऑन्कॉलॉजिस्टची अपॉइंटमेंट ठरवून टाका. महात्मा फुले योजनेतून करायचं असेल तर रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला (योजनेचं काम बघणारा माणूस) आजच भेटा, रेशन कार्ड आणि आधार घेऊन. सीटीच्या फिल्मबरोबर सीडीही मागून घ्या. पुढे परळला टाटाला किंवा कुठेही दाखवायचं झालं तर तिथले पॅथॉलॉजिस्ट स्लाइड आणि ब्लॉक स्वतः बघतात, तेव्हा लॅबमधून दोन्ही सही करून घ्या आणि बॅगेत उन्हापासून जपून न्या, मेण वितळतं.

सीटीचा रिपोर्ट इथे टाकणार असाल तर नाव आणि केस नंबर झाकून टाका.