यूट्यूबवरची लेक्चर्स आणि कॅसची फाईल

मॅडम, संख्याशास्त्राची लेक्चर्स मराठीतून यूट्यूबवर टाकलीत, मुलं बघतायत, आणि आता कॅसच्या, म्हणजे प्राध्यापकांच्या पदोन्नतीच्या, फाईलमध्ये ती दाखवायची कशी असं विचारलंय तुम्ही. ह्याच चक्रात मी पण पिचलोय म्हणून लिहितो. चॅनल, माईक वगैरे तुम्हाला येतंच, ते सोडा.

गोम अशी की यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमावलीत नुसत्या व्हिडिओला गुण नाहीत, फोर क्वाड्रंट, म्हणजे चार भागांच्या, ई-कंटेंटला आहेत, एका मॉड्यूलला (घटकाला) ५. म्हणजे व्हिडिओसोबत लिखित नोट्स, चर्चेची जागा आणि चाचणी हे पण लागतं. व्ह्यूज दोनशे असोत की दोन लाख, छाननीत कोणी ढुंकून बघत नाही.

माझी फाईल अडली ती एका कार्यालयात, नाव नको, अजून तिथंच जायचंय. लिंक चालणार नाही, हार्डकॉपी लावा म्हणे. व्हिडिओची हार्डकॉपी! मग प्रत्येक लेक्चरचा स्क्रीनशॉट प्रिंट केला, त्यावर प्राचार्यांची सही-शिक्का, स्पायरल बाइंडिंग करून नेलं, तर टेबलावरचे साहेब पानं न उलटताच विचारतात, कॉलेजची पूर्वपरवानगी कुठंय? अहो २०२० साली वर्ग चालू राहावेत म्हणून सगळेच झूम आणि व्हॉट्सॲपवर शिकवत होते, तेव्हा कोण परवानगी मागत बसलं होतं? प्रमोशन लांबलं ते लांबलंच.

त्यामुळे माझं स्पष्ट मत, आधी कागद, मग कॅमेरा. उद्याच प्राचार्यांना साधा अर्ज द्या, जावक क्रमांक असलेलं उत्तर घ्या, आयक्यूएसीच्या (कॉलेजच्या गुणवत्ता कक्षाच्या) इतिवृत्तात एक ओळ घालून घ्या आणि लिंक कॉलेजच्या वेबसाइटवर चढवून घ्या. हे माझ्या अनुभवावरून हं, तुमच्या विद्यापीठाचं परिपत्रक वेगळं असेल तर तेच धरा.

जाता जाता, रीसर्चगेटवर (संशोधक आपले शोधनिबंध टाकतात त्या साइटवर) तुमच्या शोधनिबंधाची प्रकाशकाने छापलेली फायनल पीडीएफ टाकली असेल तर काढा, २०१७ पासून मोठे प्रकाशक त्या साइटच्या मागे लागले होते. जर्नलनं स्वीकारलेला तुमचा मसुदा टाकलेला बऱ्याच जर्नलांना चालतो पण कधी आणि कुठे टाकायचा त्याच्या अटी असतात, करार वाचा. आणि शासकीय महाविद्यालयात असाल तर जुलै २०२५ चा शासन निर्णय बघा, सोशल मीडियाचं वैयक्तिक आणि कार्यालयीन अकाउंट वेगळं ठेवायला सांगितलंय.

अर्जाचा नमुना हवा असेल तर टाकतो, पण जरा थांबावं लागेल, सध्या कॅपला (विद्यापीठाच्या पेपर तपासणी केंद्रावर) तपासणी चालू आहे.